पण ते शोधत काय होते?

श्रावणात आमच्या शाळेत असा एखादा दिवस हमखास येतो की, बाहेर झड लागलेली असते, वीज गेलेली असते आणि फळ्यावरचे अक्षर दिसेनासे होते. अशा वेळी पुस्तक मिटून मी मुलांना गोष्ट सांगतो. मी कादंबऱ्या लिहितो हे मुलांना ठाऊक आहे. म्हणून "गुरुजी, खरी गोष्ट सांगा, तुमची नको," असे ती तोंडावर सांगतात. यंदा मी त्यांना वॉटरगेटची गोष्ट सांगितली. रात्रीची वेळ, हातमोजे घातलेले चोर, चोरून ऐकणारी यंत्रे आणि शेवटी जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाचा राजीनामा! गोष्ट चांगली रंगली. घंटा झाली तेव्हा आता वर्गात टाळ्या पडणार, अशा भ्रमात मी होतो. तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "गुरुजी, पण ते चोर शोधत काय होते?"

मी तोंड उघडले आणि मिटले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजी वाचतो ते कोश शेजारी घेऊन. तरी या प्रकरणावरची पुस्तके मी जमतील तशी गोळा करून वाचीत आलो आहे. रहस्यकथा वाचावी तशी. या प्रकरणात जबान्या झाल्या, खटले झाले, कबुल्या झाल्या, आत्मचरित्रांचा तर पाऊस पडला. पण सातवीतल्या पोरीने विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला सर्वांना पटणारे उत्तर त्यांत कुठेही नाही. वाचकहो, दिवाळीच्या फराळाच्या वेळी हे कोडे तुमच्यापुढे ठेवतो.

१७ जून १९७२. शुक्रवारची रात्र सरून शनिवार लागलेला. वॉशिंग्टन शहरात पोटोमॅक नदीच्या काठी वॉटरगेट नावाचा इमारतींचा मोठा समूह आहे; हॉटेल, बिऱ्हाडे, कचेऱ्या, सगळे एकाच आवारात. तिथे सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे तेव्हाच्या विरोधी पक्षाचे, मुख्य कार्यालय होते. फ्रँक विल्स नावाचा चोवीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण तिथे रात्रपाळीचा पहारेकरी होता. पगार आठवड्याला ऐंशी डॉलर. फेरी घालताना मोटारी ठेवायच्या तळघरातील एका दाराच्या खिट्टीवर त्याला चिकटपट्टी लावलेली दिसली. दार ओढले तरी कुलूप लागू नये, अशी ती युक्ती. दिवसा कामगारांनी सामान नेताना लावली असेल असे समजून त्याने ती काढून टाकली आणि तो समोरून खाणे आणायला गेला. परत येऊन पाहतो, तो पट्टी पुन्हा जागच्या जागी! त्याने पोलिसांना फोन केला आणि पहाऱ्याच्या वहीत वेळ घालून नोंद केली : एक वाजून सत्तेचाळीस मिनिटे. ती वही आज अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात जपून ठेवलेली आहे.

पोलीस आले ते साध्या कपड्यांत, हिप्प्यांसारखे केस वाढवलेले. समोरच्या मोटेलातून दुर्बीण घेऊन लक्ष ठेवणाऱ्या चोरांच्या साथीदाराला त्यामुळे संशय आला तो उशिरा. अडीचच्या सुमारास पाचजण टेबलांच्या आड सापडले. अंगात कोट, हातांत शस्त्रक्रियेचे हातमोजे, जवळ कॅमेरे, ऐकण्याची यंत्रे, आणि खिशात ओळीने क्रमांक असलेल्या शंभर-शंभर डॉलरच्या नोटा. चौघे मायामीचे, क्यूबाच्या राजकारणाशी संबंध असलेले. पाचवा जेम्स मॅकॉर्ड. हा पूर्वी सीआयए या हेरखात्यात होता आणि आता अध्यक्ष निक्सन यांना पुन्हा निवडून आणण्यासाठी काढलेल्या समितीचा सुरक्षा-अधिकारी होता. दोघांच्या पत्त्यांच्या वह्यांत हॉवर्ड हंट हे नाव सापडले. हाही सीआयएमधून निवृत्त होऊन व्हाइट हाउसमध्ये सल्लागार झालेला.

मी कादंबरीकार आहे म्हणून सांगतो. हे असे कथानक मी लिहिले असते तर संपादकांनी परत पाठवले असते. पट्टी काढलेली दिसली, म्हणजे कुणाच्या तरी लक्षात आले आहे हे चोरांना कळलेच होते. त्यांनी आपसात विचारविनिमयही केला. तरी ते पुन्हा वर गेले. का?

आणि मुळात गेलेच का? मेअखेरीस हीच मंडळी एकदा आत जाऊन टेलिफोनांत यंत्रे बसवून आली होती. एक यंत्र चाललेच नाही. दुसरे चालले, पण ते पक्षाच्या अध्यक्षांच्या फोनवर नव्हते. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या फोनवर होते, आणि त्यावरून ऐकू आले ते बहुतेक खासगी बोलणे. म्हणून दुरुस्तीला पुन्हा गेले, हे सरळ उत्तर. पण दुरुस्तीला जाणारा माणूस कागदपत्रांचे फोटो काढायला इतके सामान कशाला नेईल? शिवाय पकडलेल्यांपैकी युजेनियो मार्टिनेझ याच्याजवळ एक छोटी किल्ली सापडली. ती कुठल्या तिजोरीची नव्हती. ती लागली त्याच कार्यालयातल्या एका चिटणीस बाईंच्या टेबलाला! ती त्याला दिली कुणी, आणि त्या टेबलात असे काय होते? मार्टिनेझ २०२१ मध्ये वारला. किल्लीचे कोडे मागे राहिले.

बरे, निवडणूक हरण्याची भीती म्हणावी, तर तीही नव्हती. त्या नोव्हेंबरात निक्सन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्ये जिंकली.

हुकूम कुणाचा, हाही घोळच आहे. समितीचा एक अधिकारी गॉर्डन लिडी याने जानेवारीत देशाच्या कायदेखात्याचे प्रमुख जॉन मिचेल यांच्या कचेरीत बसून, दहा लाख डॉलर खर्चाची एक योजना रीतसर तक्ते लावून मांडली होती. तीत माणसे पळवण्यापासून फोन ऐकण्यापर्यंत सर्व काही होते. ज्याने चोर पकडायचे त्याच्याच टेबलावर चोरीचे अंदाजपत्रक! मिचेल यांनी लिडीला हाकलले नाही. खर्च कमी करून आणायला सांगितले. शेवटी अडीच लाखांवर आलेली योजना मिचेल यांनी मंजूर केली, असे त्यांचे दुय्यम मॅग्रुडर यांनी सांगितले. मिचेल १९८८ मध्ये मरेपर्यंत नाही म्हणत राहिले. पुढे २००३ मध्ये मॅग्रुडर म्हणाले की, त्या वेळी फोनवर खुद्द निक्सन यांचा होकार आपण ऐकला होता. तीस वर्षे हे का सांगितले नाही, याचे उत्तर काही इतिहासकारांना पटले नाही, आणि मलाही पटलेले नाही.

हेतूबद्दल तर्क पुष्कळ आहेत. त्यातल्या त्यात मला वजनदार वाटतो तो पैशाचा. हॉवर्ड ह्यूज या अब्जाधीशाकडून निक्सन यांच्या एका जिवलग मित्राकडे एक लाख डॉलर रोख पोचले होते. आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्ष लॅरी ओब्रायन हे पूर्वी त्याच ह्यूजचे पगारी सल्लागार! तेव्हा ओब्रायन यांना काय ठाऊक आहे, हे काढायचे होते, असा हा तर्क. म्हणजे चोर दुसऱ्याचे गुपित शोधायला गेले नव्हते. आपलेच गुपित दुसऱ्याच्या घरात आहे की काय, ते पाहायला गेले होते. खरे असेल. सिद्ध मात्र झालेले नाही.

पण त्या एका रात्रीकडेच पाहत राहिलो तर घोटाळा होतो. ही सवय तीन वर्षांची जुनी होती.

मे १९६९ मध्ये, निक्सन यांना गादीवर येऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, कंबोडियावर गुपचूप चाललेल्या बॉम्बवर्षावाची बातमी न्यूयॉर्क टाइम्समध्ये फुटली. लगेच आपल्याच माणसांच्या फोनवर कान लावणे सुरू झाले. तेरा सरकारी अधिकारी आणि चार वार्ताहर, असे सतरा जण. मॉर्टन हॅल्परिन हे किसिंजर यांचे सहायक. त्यांचा घरचा फोन एकवीस महिने ऐकला गेला. त्यांनी नोकरी सोडली, ते विरोधी पक्षाच्या एका पुढाऱ्याचे सल्लागार झाले, तरी ऐकणे चालूच! एवढे करून फुटीर कोण ते कळले का? पुढे निक्सन यांनीच खासगीत बोलताना कबूल केले की, त्यातून उपयोगाचे काही निघाले नाही, नुसत्या गप्पांचे ढीग हाती आले.

इथे मला माझे स्वतःचे एक सांगितले पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मुले माझ्या पाठीमागे काय बोलतात हे जाणून घ्यायची मला फार हौस होती. मी एका मुलाला गुपचूप त्या कामावर नेमले. पहिले काही दिवस तो खरे सांगत असे; ते अगदीच बेचव होते. मग माझा चेहरा पाहून तो शहाणा झाला आणि चवदार बातम्या आणू लागला. अशाच एका बातमीवरून मी दुसऱ्या एका मुलाला सर्वांसमक्ष छडी मारली. तो ते बोललाच नव्हता, हे मला वर्षअखेर कळले. तो मुलगा आता बाजारपेठेत दुकान चालवतो, मला पाहून उठून उभा राहतो. मी त्याला अद्याप ते सांगितलेले नाही. ही पुस्तके वाचताना मी निक्सन यांच्यावर फार उंचावरून रागावू शकत नाही, त्याचे कारण हे आहे.

असो. जून १९७१ मध्ये डॅनिएल एल्सबर्ग यांनी व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रे वर्तमानपत्रांना दिली आणि व्हाइट हाउसमध्ये गळती थांबवण्यासाठी एक खास पथक निघाले. गळती थांबवणारे म्हणून त्यांना 'प्लंबर' हे नाव पडले. हंट आणि लिडी हे यांतलेच. त्यांनी सप्टेंबरात कॅलिफोर्नियात एल्सबर्ग यांच्या मानसोपचारतज्ज्ञाची खोली फोडली. अध्यक्षांचे सहायक एर्लिकमन यांनी त्या मोहिमेच्या कागदावर मान्यता देताना एवढेच लिहिले होते की, माग आपल्यापर्यंत येता कामा नये. या कृत्यापायी एल्सबर्ग यांच्यावरचा खटलाच १९७३ मध्ये न्यायाधीशांनी रद्द केला.

त्याच जूनमधल्या एका संभाषणाने मी फार दिवस बेचैन होतो. तारीख १७ जून १९७१. वॉटरगेटच्या बरोबर एक वर्ष आधीची. ब्रूकिंग्ज नावाच्या अभ्याससंस्थेत काही गुप्त कागद आहेत असे निक्सन यांना वाटत होते. तिथे घुसा, तिजोरी फोडा आणि ते कागद आणा, असा हुकूम ते स्वतःच्या तोंडाने देत आहेत, आणि तो ध्वनिमुद्रित आहे. कोणते कागद? तर १९६८ च्या निवडणुकीच्या तोंडावर व्हिएतनाममधला बॉम्बवर्षाव थांबवण्याबद्दलचे.

याच्यामागची कथा अशी. त्या निवडणुकीआधी अध्यक्ष जॉन्सन शांततेच्या वाटाघाटी जमवीत होते. निक्सन यांच्या बाजूने ॲना शेनॉल्ट या बाईंमार्फत दक्षिण व्हिएतनामच्या सरकारला निरोप गेला की, थांबा, आमच्या राज्यात तुमचे बरे होईल. हे जॉन्सन यांना कळले, कारण त्यांनीही वकिलातीवर कान लावलेले होते! आणि कळूनही त्यांनी ते लोकांना सांगितले नाही. कारण सांगायचे तर कळले कसे, तेही सांगावे लागले असते. आपल्याला स्वतः निक्सन यांची फूस होती हे ते जन्मभर नाकारीत राहिले. २०१७ मध्ये त्यांचे सहायक हॉल्डमन यांची तेव्हाची टिपणे प्रकाशात आली, त्यांत मात्र वाटाघाटीत खोडा घालण्याची निक्सन यांची सूचना लिहिलेली सापडली. जॉन्सन यांनी जमवलेला पुरावा आपल्या शत्रूच्या कपाटात कुठेतरी आहे, या धास्तीत तर सगळ्या घरफोड्यांचे मूळ नसेल? केन ह्यूज या संशोधकाने असेच मांडले आहे. ब्रूकिंग्जमध्ये चोरी झाल्याचा पुरावा नाही. कागद तर तिथे नव्हतेच. जॉन्सन यांच्या विश्वासू माणसाने ते पाकिटात बंद करून ठेवले होते.

आता आपल्या घराजवळ येऊ. डिसेंबर १९७१. बांगलादेशचे युद्ध. मुंबईच्या खिडक्यांना काळे कागद लावल्याच्या गोष्टी मी वडिलांकडून ऐकल्या आहेत. त्याच दिवसांत वॉशिंग्टनमध्ये जॅक अँडरसन या पत्रकाराने आपल्या सदरात छापले की, सरकार बाहेर तटस्थ म्हणवते, पण अध्यक्षांनी आतून पाकिस्तानकडे झुकायचे ठरवले आहे. गुप्त बैठकांची टिपणेच त्याच्या हाती लागली होती. शोध सुरू झाला आणि संशय गेला चार्ल्स रॅडफर्ड या नौदलातल्या लघुलेखक कारकुनावर. हा पूर्वी दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत होता आणि अँडरसनच्या आईवडिलांशी त्याची ओळख तिथेच झालेली. चौकशीत तो म्हणाला, अँडरसनला मी काही दिले नाही. पण बोलता बोलता त्याने भलतेच कबूल केले : किसिंजर यांच्या कचेरीतले, जाळायच्या पिशव्यांतले, अगदी त्यांच्या प्रवासातल्या बॅगेतलेही कागद मी चोरून नकलून घेत होतो, आणि देत होतो सेनादलांच्या प्रमुखांच्या कचेरीला!

म्हणजे अध्यक्ष आपल्या माणसांवर पाळत ठेवीत होते आणि सेनापती अध्यक्षांवर. निक्सन यांनी ऐकले तेव्हा ते संतापले, पण प्रकरण दाबून टाकले. कारकुनाची दूर ऑरेगॉनला बदली झाली. सेनादलांचे प्रमुख ॲडमिरल मूरर यांना मात्र १९७२ मध्ये त्याच पदावर मुदतवाढ मिळाली. अँडरसनला त्या वर्षीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. रॅडफर्ड शेवटपर्यंत नाही म्हणत राहिला. आपल्या देशाच्या युद्धाशी निगडित असलेली ही फूट, तिचाही कर्ता आजवर निर्विवादपणे ठरलेला नाही.

उरली ती टेपांची गोष्ट. फेब्रुवारी १९७१ मध्ये निक्सन यांनी आपल्याच कचेरीत, आपल्याच टेबलात ध्वनिग्राहक बसवून घेतले. फारच थोड्यांना हे माहीत होते. येणारा-जाणारा, मंत्री, पाहुणे आणि स्वतः अध्यक्ष, सर्वांचे बोलणे आपोआप मुद्रित होई. सुमारे ३,७०० तासांचे. १६ जुलै १९७३ रोजी बटरफील्ड या अधिकाऱ्याने हे चौकशीसमितीपुढे सांगितले आणि देश थक्क झाला. चोरी आपल्याला ठाऊक नव्हती, असे म्हणणाऱ्या माणसाचा साक्षीदार त्याच्याच टेबलात बसलेला! त्याने ते रीळ जाळले का नाहीत, हेही एक कोडेच.

त्यातच ती प्रसिद्ध पोकळी आहे. चोर सापडल्यावर तिसऱ्या दिवशी, २० जूनला, निक्सन आणि हॉल्डमन यांच्यात जे बोलणे झाले त्यातली साडेअठरा मिनिटे पुसली गेली आहेत. नुसती घरघर ऐकू येते. चिटणीस रोझ मेरी वूड्स म्हणाल्या की, टेप उतरवून घेताना फोन आला, तो घ्यायला वाकले तेव्हा चुकीची कळ दाबली गेली आणि पाय पट्टीवर राहिला. पण गेली असतील तर पाचेक मिनिटे. बाईंनी ती कसरत छायाचित्रकारांना करूनही दाखवली. पाहून कुणाचा विश्वास बसला नाही. तज्ज्ञांनी सांगितले की, हे एकदा नव्हे, किमान पाच वेळा स्वतंत्रपणे पुसलेले आहे. अध्यक्षांचे एक मोठे सहायक, जनरल हेग, कोर्टात म्हणाले की एखाद्या दुष्ट शक्तीचे काम असेल. आपल्याकडे अशा वेळी भुताचे नाव घेतात! २००३ पर्यंत राष्ट्रीय दप्तरखान्याने नव्या यंत्रांनी खटपट करून पाहिली, आवाज परत आला नाही. हॉल्डमन यांची त्या बैठकीची त्रोटक टिपणे मात्र आहेत. आपल्या कचेरीत तर कुणी यंत्र बसवले नाही ना, ते नीट तपासून घ्या, अशी सूचना त्यांत आहे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २४ जुलै १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने टेपा द्यायला लावल्या. २३ जूनच्या टेपेत तपास दाबण्याचा बेत उघडा पडला. ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. ८ सप्टेंबरला नवे अध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी दिली. देशाच्या मनःशांतीसाठी हे केले असे ते म्हणाले, आणि त्यांचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. पण त्या माफीने निक्सन आरोपीच्या पिंजऱ्यात कधी उभे राहिलेच नाहीत. १९७५ मध्ये त्यांची बंद खोलीत जबानी झाली, ती २०११ मध्ये खुली झाली. तीत त्या साडेअठरा मिनिटांबद्दल त्यांनी कानांवर हात ठेवले आहेत.

ज्याने वार्ताहरांना आतली माहिती पुरवली तो गुप्त माणूस एफबीआयचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी मार्क फेल्ट होता, हे २००५ मध्ये त्यानेच सांगितले. लोकशाहीचा कैवारी म्हणून आपण त्याला ओवाळायला जावे, तर १९८० मध्ये हाच फेल्ट विनापरवाना लोकांच्या घरांत माणसे घुसवल्याबद्दल दोषी ठरलेला! आणि त्याच्या खटल्यात त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आले होते रिचर्ड निक्सन. फेल्टने तोंड का उघडले, कायद्याच्या चाडीने की वरची खुर्ची हुकल्याच्या रागाने, हे तो पुरते सांगून गेला नाही.

आठवड्याने पुन्हा तसाच अंधारलेला दिवस आला तेव्हा मी त्या मुलीला उभे करून सांगितले, "ते काय शोधत होते, हे अजून नक्की कुणालाच कळलेलं नाही." ती नाराज झालेली दिसली नाही. म्हणाली, "मग त्या पहारेकऱ्याला बक्षीस मिळालं का?"

मी सांगितले ते असे. थोडे दिवस त्याचे नाव झाले. १९७६ च्या एका चित्रपटात त्याने स्वतःचीच भूमिका दोन मिनिटे केली. त्यानंतर धड अशी नोकरी त्याला टिकली नाही. आजारी आईची सेवा करायला तो दक्षिण कॅरोलिनात गावी जाऊन राहिला, आणि २००० साली, बावन्नाव्या वर्षी, गरिबीत वारला.

"पण त्याची वही ठेवलीय ना?" तिने विचारले.

"ठेवलीय," मी म्हणालो. तेवढ्यात वीज आली आणि मुलांनी गणिताची पुस्तके काढली.